हा आवाज तुमच्या भागात उपलब्ध नाही

शुक्रवारी सकाळी माझ्या नवऱ्याचं स्वरयंत्र काढून टाकणार होते, आणि आदल्या शनिवारी हा माणूस मलाच ऐकवत होता, "मी खराब टेक देत नाही."

टेक म्हणजे एका दमात रेकॉर्ड केलेलं वाक्य. हे डबिंग आर्टिस्ट. पडद्यावर परक्या माणसाचे ओठ हलायचे आणि त्यातून आवाज यांचा निघायचा. स्टुडिओतली मंडळी यांना 'घुमट' म्हणायची, कारण हे नुसते खाकरले तरी खोली भरून जायची. घरात मात्र घुमट बंद. गळा जपायचा म्हणून आमच्या वाट्याला फक्त 'हूं'. भाजी कशी झाली? हूं. लेकीला परगावी शिकायला पाठवायचं का? हूं. उभा संसार मी त्या हूंवर काढला आणि आता तेवढंही जाणार होतं. राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून यांच्यावरच काढत होते.

हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी हातात छोटा रेकॉर्डर ठेवून दोन वाटा सांगितल्या होत्या. पहिली अशी की, आवाज घोगरा असला तरी आत्ताच रोजची वाक्यं बोलून ठेवायची. पुढे टॅबवर बटण दाबलं की तेवढी वाक्यं यांच्या आवाजात वाजतील. दुसरी वाट राजेशाही. यांच्या चांगल्या आवाजातलं जुनं, तासन्‌तासांचं रेकॉर्डिंग मिळालं, तर मशीन त्यावरून आवाज शिकून घेईल, आणि मग हे जे टाइप करतील ते त्या आवाजात बोलेल.

"मागचं संगीतबिंगीत काढता येतं हल्ली," बाई म्हणाल्या. "पण जुनं मिळेल म्हणून थांबू नका, काका. आजच बोलायला बसा."

यांनी वाक्याचा पहिला अर्धाच ऐकला.

आता यांचा चांगला आवाज होता कुठे? कार्टूनमधलं अस्वल, खलनायक, कण्हणारे म्हातारे, सगळीकडे सोंग. स्वतःच्या खऱ्या आवाजात यांनी एकच मोठं काम केलं होतं. एका परदेशी मालिकेतला जहाजाचा कप्तान. कितीतरी भाग. ज्या चॅनेलसाठी केलं ते पुढे बंद पडलं आणि मालिका आपल्याकडे पुन्हा कधी दिसलीच नाही. घरी प्रत असेल म्हणाल, तर नाव काढू नका. बाकीचे कलाकार पेनड्राइव्हवर आपापलं काम हळूच उचलून आणायचे. हे नाहीत. करारात लिहिलंय ना, मग नाही. चोरीचा सिनेमा बघणाऱ्या सख्ख्या भावाला यांनी एकदा भर जेवणातून उठवलं होतं.

"कप्तान शोधा," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले. "माझा आवाज तिथे आहे. हा नाही."

लेक रजा टाकून आली होती. आधी आम्ही दोघी स्टुडिओच्या मालकाकडे गेलो. त्या जागी आता व्यायामशाळा झाली आहे. जिथे हे माइकसमोर उभे राहायचे तिथे एक धिप्पाड बाई वजनं उचलत होती. मालक वरच्या मजल्यावर राहतो. त्याने चहा विचारला आणि म्हणाला, "वहिनी, काम पोचवलं की आमच्याकडची फाइल पुसायची, असा नियमच होता. नाही पुसली तर पुढचं काम मिळायचं नाही. घुमटचा आवाज पुसताना माझ्याच जिवावर आलं होतं, खोटं नाही सांगत."

मग लेकीला इंटरनेटवर सापडलं. ती मालिका एका परक्या देशात एका अ‍ॅपवर चालू होती, आणि तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेतही होती! मी खुर्चीतून उठलेच. लेकीने बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली : 'हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही.' आम्ही परदेशातून बघतोय असं भासवायला तिने व्हीपीएन लावून पाहिलं. अ‍ॅपने तेही ओळखलं.

मी कंपनीच्या हक्क विभागात फोन लावला. फार सभ्य माणूस होता. सभ्य माणसांचा मला अलीकडे धसकाच बसला आहे.

"मॅडम, आमच्याकडे हक्क फक्त तिकडचे आहेत. तुमच्याकडचे त्या बंद पडलेल्या चॅनेलकडे."

"ते आता कुणाकडे आहे?"

"त्याबद्दल काही कल्पना नाही."

"अहो, मालिका नको मला. माझ्या नवऱ्याचा आवाज हवाय. त्यांचाच आहे ना तो?"

"आवाज त्यांचाच, मॅडम. रेकॉर्डिंग त्यांचं नाही."

"म्हणजे गाय आमची आणि दूध दुसऱ्याचं?"

तो हसला नाही. अर्ज पाठवा म्हणाला, काही आठवड्यांत कळवू. मी म्हटलं, शुक्रवारी गळा कापणार आहेत हो. तो म्हणाला, "मला खरंच वाईट वाटतंय." मलाही वाटलं, की फोनमधून हात घालून त्याची मान धरावी. मागितलं तर देत नाहीत, घेतलं तर गुन्हा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

तोवर मंगळवार उजाडला होता. रेकॉर्डर टेबलावर तसाच पडून. मी रोज पुढे सरकवायची, हे रोज मागे सरकवायचे. आवाज सकाळी असायचा तेवढा दुपारी नसायचा. मला ते ऐकू येत होतं, यांना नसेल येत? जन्मभर दुसऱ्याचे श्वास मोजलेला माणूस.

"अ‍ॅपवरची ती मालिका चोरीच्या साइटवर आहे, आई," लेक स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली.

यांचे कान तिखट. बाहेरूनच आवाज आला, "माझ्या घरात नाही!"

मी हातातला चमचा आपटून बाहेर गेले. "घर माझंही आहे. चोर मी. तुम्ही डोळे मिटून बसा. तुमचा करार तुमच्याशी बोलणार आहे का म्हातारपणी? मला कुणीतरी हाक मारायला हवं आहे घरात!"

यांच्याकडून हूंसुद्धा नाही. आणि मला रडू फुटलं.

त्या साइटचं काय सांगावं. एका खऱ्या बटणामागे दहा खोटी, आणि प्रत्येकाआड अर्धनग्न बायका. पहिली लिंक तक्रारीमुळे उडवलेली, दुसरीही तशीच. शेवटी टॉरेंट सापडलं. जगात कुठेतरी बसलेल्या एकाच माणसाकडे ती फाइल होती, आणि त्याचा कॉम्प्युटर सुरू असेल तेवढा वेळच ती थेंबथेंब आमच्याकडे उतरायची. तो बंद करायचा, आम्ही ताटकळायचो. त्या अनोळखी चोराच्या प्रकृतीची मी स्वतःच्या नवऱ्यापेक्षा जास्त काळजी केली. बुधवार त्यातच संपला.

गुरुवारी दुपारी पहिला भाग पूर्ण उतरला. हे स्वतःहून येऊन बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. समुद्र दिसला, जहाज दिसलं, कप्तान वळला आणि बोलला.

आवाज यांचा नव्हता.

चांगला होता, तरुण होता, स्वच्छ होता. यांचा नव्हता. लेकीने पुढे नेऊन पाहिलं, मागे आणून पाहिलं. भागाच्या शेवटी भलत्याच स्टुडिओचं नाव आलं. तेव्हा उलगडलं, की यांच्या आवाजाचे हक्क आपल्याकडचे, ते तिकडे चालत नव्हते. म्हणून तिकडच्यांनी कप्तानाच्या तोंडात दुसरा माणूस बसवला होता. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

हे पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ओठ छान पकडलेत पोराने." आणि उठून रेकॉर्डर उचलला.

कपड्यांच्या कपाटात आवाज घुमत नाही म्हणून हे माझ्या साड्यांमध्ये तोंड घालून उभे राहिले. मी दाराशी वाक्यांची यादी धरून. 'मला पाणी हवं आहे.' अर्ध्यात आवाज चिरला. "परत घेऊ." 'दिवा मालव.' चिरला. "परत घेऊ." मी विनवलं, असू दे हो, चालेल, मला चालेल. "मला नाही चालत." तिन्हीसांजेला नुसती हवा यायला लागली. माझं नाव त्या यादीत शेवटी होतं. तिथवर पोचलोच नाही.

ऑपरेशन नीट झालं. सगळे तेच सांगतात, नीट झालं. चार-पाच दिवसांनी थेरपिस्ट बाई टॅब घेऊन आल्या. एकही वाक्य धड निघालं नव्हतं. वाक्यांच्या अधेमधे बोललेलं तेवढं एक स्पष्ट होतं, ते त्यांनी एका बटणावर ठेवलं होतं. "वाक्य तसं कामाचं नाही," त्या संकोचून म्हणाल्या, "पण काकांचा आवाज आहे, म्हणून ठेवला. बाकी सगळं तयार आवाजात बोलेल."

नर्स नळीतून सूप द्यायला येईपर्यंत हे झोपले होते. मी ते बटण दाबलं. 'परत घेऊ.' पुन्हा दाबलं. मग बाई दोन मिनिटं बाहेर गेल्या, तसं कुणी बघत नाही असं पाहून माझा फोन टॅबशेजारी धरला आणि त्यावर रेकॉर्ड करून घेतलं.

जाग आल्यावर यांनी टॅब मागितला. बटण दाबलं, मान तिरपी करून ऐकलं, जसं कुठल्याही कलाकाराचं ऐकायचे तसं. नकारार्थी मान हलवली आणि बाईंना खूण केली, पुसा.

"काका, एवढंच आहे हो," बाई म्हणाल्या.

यांनी स्वतःच बोट ठेवलं आणि पुसलं. मग ज्या आवाजात आता बँकेची मशीनं बोलतात, त्या आवाजात टॅब मला म्हणाला, "माझा आवाज. माझा हक्क."

मी मान डोलावली. चादर नीट केली.

माझ्याकडची प्रत यांना ठाऊक नाही. सापडली तर हे तीही पुसायला लावतील. म्हणून मी ती घरात ऐकत नाही. दूध आणायला जाते तेव्हा जिन्यात थांबून, फोन कानाला लावून ऐकते.