बिननिळीचा साचा

ठकी नीळ घालायला विसरली, आणि हे मला कळलं तेव्हा साचा भरून, सुकून टेबलावर बसला होता.

ठकी माझी भाची. मूर्तिकामच शिकायचं म्हणून हटून बसलेली. तिनं मातीत बापाचं डोकं घडवलं, त्यावर प्लास्टरचा साचा घेतला, माती काढून आत पुन्हा प्लास्टर ओतलं. आता वरचा साचा छिन्नीनं फोडला की आतलं डोकं मोकळं. साच्याच्या अगदी आतल्या थरात चिमूटभर नीळ कालवतात. फोडताना निळं दिसलं की समजायचं, चेहरा जवळ आला, हात आवर. इथे बाहेर पांढरं, आतही पांढरं. कळणार कसं, कपाळ!

त्यात तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, समोर हाताची घडी घालून उभा. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. त्याची अट होती, डोकं धड निघालं तर पोरगी माझ्याकडे शिकेल, नाहीतर सोमवारपासून दुकानात. "घरात एक मूर्तिकार पुरे झाली," हे वर मलाच ऐकवलं.

"घाई करू नकोस," मी ठकीला म्हटलं. "आतून साबण लावलायस ना? मग साचा आपण होऊन सुटतो. ओरबाडू नकोस."

कपाळ सुटलं. भुवया सुटल्या. भाऊ पुढे वाकला, "अरेच्चा, मीच की!" माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात टक्‌कन आवाज झाला आणि डावा कान खपलीबरोबर खाली पडला. भावाचा हात स्वतःच्या कानाकडे गेला.

ठकी टेबलापासून मागे सरली. "आत्या, पुढचं तू कर ना गं."

"कर की ताई," भाऊसुद्धा म्हणाला. "तुझ्या हातून नीट निघेल. मला चालेल."

खोटं कशाला बोलू, माझे हात शिवशिवले. दहा मिनिटांचं काम, पोरगी सुटली असती. पण मग पुढच्या प्रत्येक साच्याला ती माझ्याच तोंडाकडे बघत बसली असती.

"मी फोडलं तर ते माझं होईल," मी म्हटलं. "तुझं तू फोड."

"पोरीचं वाटोळं करशील तू," भाऊ फणकारला. मी हात मागेच ठेवले.

ठकीनं तळवे पुसले, छिन्नी टेकवली, ठोकली. नाक गेलं. मुळापासून.

"झालं," भाऊ म्हणाला, "आता सोमवारपासून..."

ठकीचं लक्षच नव्हतं. तिनं खळग्यात बोट घातलं. "नाकपुडीत साबण पोचलाच नाही," ती पुटपुटली. "पुढच्या वेळी आधी तिथेच लावते." मग बापाकडे बघून एकदम ओरडली, "बाबा, हलू नका! ओठ चुकलाय माझा. चिडलात की तो डावीकडे ओढला जातो. आत्ता आहे तस्सा राहू दे." आणि मातीचा गोळा ओढून बसलीसुद्धा.

भाऊ तोंड वाकडं करून तसाच उभा राहिला. "किती वेळ?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"बोलू नका म्हटलं ना!"

जन्मात कुणाचं ऐकून गप्प न बसलेला माझा भाऊ गप्प बसला.