चमचा-चमचा पाणी

"स्पिरिटने पुसलं होतं हो मी सगळं. खेळणी, टेबल, दाराच्या कड्यासुद्धा," आबा दुसऱ्यांदा म्हणाले.

दवाखान्यातल्या सिस्टरने भिंगरीची जीभ पाहिली. एरवी घर डोक्यावर घेणारी ही नात आईच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली होती. "पोटाचा व्हायरस आहे, आजोबा. स्पिरिटला तो फारशी दाद देत नाही. साबण आणि वाहतं पाणी. शी धुतली की हात धुवा, भरवायच्या आधी धुवा."

आबा चक्रावले. उभा जन्म सलूनमध्ये वस्तरे स्पिरिटमध्ये बुडवण्यात गेला. कुणा गिऱ्हाइकाला साधी पुटकुळी उठली नव्हती.

"उलटी झाली की आबा पेलाभर पाणी पाजत होते," आबांची मुलगी म्हणाली. "लगेच सगळं बाहेर."

"तहानली होती गं पोर!"

"एकदम नाही पाजायचं, आजोबा. जलसंजीवनी द्या. एक चमचा, थोडं थांबा, मग दुसरा. लघवी होतेय ना, बघत राहा. आणि उलट्या थांबल्या तरी हात धुणं सोडू नका. बरी झाल्यावरही काही दिवस शीवाटे व्हायरस जात राहतो."

"बरी झाल्यावरही?"

"हो."

आबांना काही उमजेना. बरं झालं म्हणजे गेलं, एवढंच त्यांना ठाऊक. "माझ्या हातून झालं का हो हे?"

"ते कुणालाच सांगता यायचं नाही."

हे तर त्याहून वाईट. 'हो' म्हणाली असती तर निदान कान तरी धरता आले असते.

"सोमवारपासून पाळणाघरात ठेवते हिला," मुलगी खिडकीकडे बघत म्हणाली. "तुमची चूक म्हणत नाही मी, आबा. पण आई होती तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"पाळणाघरात एकाला झालं की अख्खी पलटण आडवी होते, बाई," सिस्टर म्हणाली आणि कागद पुढे ओढला. "दिवसभर बाळाजवळ कोण असतं? त्यांना नीट समजावून सांगते."

"हिची आजी," आबांच्या तोंडून निघून गेलं.

आजी जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलीने मान वळवली. आबा सिस्टरकडे वळले.

"मी. मी असतो. मला सांगा."

मुलीने बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि आबांना शेजारी बसायला जागा केली.