डबीतली सातवी वस्त्रमाळ

हॉक्सबरी नदीतल्या सॅमन माशांनी उल्हासच्या नाकी नऊ आणले होते. वेस्टमीडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा हा पुणेकर दर शनिवारी सकाळी नदीच्या मुखाशी उभा राहायचा. मासे त्याच्या चकचकीत गळापर्यंत यायचे, बघायचे आणि खुशाल पाठ फिरवायचे.

"मेट, ते माशांची बारीक पिल्लं खातायत," त्याचा वसईचा मित्र व्हॅलेंटाइन हसून म्हणाला. "तुझं आमिष केवढं! वरती काहीतरी छोटं, पांढरं बांध."

उल्हासने पिसं बांधून पाहिली, दोरा बांधला. कापूस बांधला, तो पाण्यात सुटला. शेवटी त्याने आईच्या देवाच्या डबीतली एक वस्त्रमाळ उचलली. त्याची आई सुहासिनी सहा महिन्यांसाठी पुण्याहून त्याच्या गिरावीनच्या घरी आली होती आणि दर शुक्रवारी देवासाठी कापसाच्या सात माळा करून ठेवायची, रोज एक. तिच्या चिमटीतून निघालेला मणी घट्ट असायचा, मध्ये कुंकवाचा ठिपका. उल्हासने दोन मणी कापले, नेलपॉलिश लावून गळाच्या वर बांधले. पहिल्याच फेकीला सॅमन लागला.

मासा व्हॅलेंटाइनच्या घरी गेला, कारण उल्हासच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. आईच्या लेखी तो नदीकाठी चालायला जात होता.

गुरुवारी आईला डबी रिकामी सापडली. "सात केल्या होत्या रे," ती पुटपुटली. पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या शुक्रवारी तिने वहीत लिहूनच ठेवलं, 'सात केल्या', आणि तरी आठवड्यात सहाच निघाल्या. तिच्या थोरल्या बहिणीला शेवटी पोटची मुलं ओळखू येत नव्हती. आई गॅस दोनदोनदा तपासू लागली, हाक मारण्याआधी अडखळू लागली. उल्हासच्या बायकोने, नीरजाने, मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेतली.

आणि हा शहाणा? ताटात मान घालून भात कालवत होता. तोंड उघडलं की मासे निघणार, देवाची माळ निघणार. सांगू सांगू म्हणत त्याने चौथ्या शनिवारीही माळ नेली. शरम वाटत होती. पण मासा लागला की तेवढ्यापुरता त्याला विसर पडायचा.

हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये आईने पर्समधून एक चिठ्ठी काढली. सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'उल्हास, मुलगा. नीरजा, सून.'

"पुढे लागेल," ती म्हणाली. "हसू नकोस हं."

उल्हासला राहवेना. त्याने डिकी उघडून गळांचा डबा तिच्यापुढे धरला. "आई, माळा मी घेत होतो. दर शनिवारी. मासे पकडायला."

खवले चिकटलेला मणी तिने बोटांत फिरवला. आपल्या हातचं काम तिने लगेच ओळखलं. "म्हणजे सातच होत्या!" ती हसू लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुटलो, असं वाटून उल्हासही हसला.

आई थांबली. "माशांचं तुझं तू बघ. देवाची माफी मी मागेन. पण मी घाबरलेय, ते तुला दिसत होतं ना रे?"

उल्हासने होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती.

आईने चिठ्ठीची घडी घातली आणि त्याच्या शर्टच्या खिशात ठेवली.

"ही तुझ्याकडेच असू दे, तुलाच लागेल," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.