धूर दाखवा

हाल्याच्या अंगणात खाटेवर बसून प्रितेशने फॉर्म उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "धूर किती होतो?"

"कसला?" गोविंदराव म्हणाले.

"शेतातला, काका. राब भाजता ना?"

"अजिबात नाही. बारा वर्षं झाली." गोविंदराव ताठ बसले.

प्रितेशचा चेहरा पडला.

योजना प्रितेशच्या मुंबईच्या संस्थेची होती. गुरं पाळणारं एक घर आणि शेती करणारं एक घर, दोघांनी मिळून हवेतला कार्बन कमी करायचा. जोडी निवडली गेली की गुरंवाल्यांना गोबरगॅस बांधून मिळणार. गोविंदरावांची चिकूची वाडी आणि भाताची जमीन चिखले गावात, हाल्याचं घर आणि नऊ गुरं रानशेत गावात. भाताचा पेंढा टेम्पोने रानशेतला जायचा आणि तोच टेम्पो शेणखत भरून वाडीत यायचा. ही जोडी गोविंदरावांच्या बायकोने, विजयमालाबाईंनी, लावून दिली होती. तेव्हा त्यांच्यात कोणी कार्बनचं नावही ऐकलं नव्हतं. पेरणीआधी रोपांच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून ती भाजायची, म्हणजे राब करायचा, तोही त्यांनीच बंद करवला. "शेण जाळायचं आणि मग खत विकत आणायचं, हे कोणी शिकवलं रे?" असं त्या हाल्याला विचारायच्या. हाल्या विडी शोधायला लागायचा.

हाल्याच्या बायकोचे, नवशीचे, डोळे चुलीमुळे कायम लाल. "तुझ्याकडे गोबरगॅस बसवून देते," असा शब्द विजयमालाबाईंनी दिला आणि तीन महिन्यांत त्या गेल्या. तो शब्द गोविंदरावांवर येऊन पडला होता. त्याला आता दीड वर्ष झालं. नवशीने एकदाही आठवण करून दिली नव्हती, त्यामुळे त्यांना रानशेतला यायचीच लाज वाटायची.

"काका, योजना घट मोजते," प्रितेश म्हणाला. "तुम्ही आधीच सगळं कमी करून बसलात. आता कमी काय करणार?"

"म्हणजे आमचं चुकलं?"

"चुकलं नाही. लवकर झालं."

"मंग तो धाकल्या बसतो काय तुझ्या योजनेत?" हाल्याने शेजारच्या शेताकडे हात केला. "तो तर दिसेल ते जाळतो."

"ते पहिल्या नंबरावर आहेत."

मग प्रितेशने आवाज खाली आणला. "यंदा एकदाच राब भाजा. मी फोटो काढतो. पुढच्या वर्षी भाजू नका. झाली घट."

रविवार ठरला. हाल्याने फांद्या तोडल्या, आपल्या घरामागच्या तुकड्यावर पाला आणि शेण पसरलं. गोविंदराव काडेपेटी घेऊन उभे राहिले, प्रितेश मोबाइल धरून. पण वारा बघून कुठल्या कडेने पेटवायचं हे बारा वर्षांत हाल्याही विसरला होता. तीन काड्या विझल्या. तेवढ्यात नवशी आली.

"शेठ, काय चाललंय?"

"तुझ्यासाठीच गं. तुझा धूर जावा म्हणून."

"माझा धूर जावा म्हणून धूर?" तिने काडेपेटीकडे बघितलं. "बाय असती तर हीच काडी तुमच्या हाताला लावली असती."

मग ती प्रितेशकडे वळली. "तुला धूर पायजे ना? चल."

तिने त्याला आत चुलीपुढे बसवलं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. थोड्याच वेळात दारावर थापा पडल्या. प्रितेश खोकत, रडत बाहेर आला.

"हा रोजचा हाय. काढ फोटो."

"फॉर्ममध्ये... शेताचाच रकाना आहे, ताई," प्रितेश डोळे पुसत म्हणाला.

गोविंदरावांनी काडेपेटी खिशात टाकली.

चिखल्याला त्यांच्या परसात गोबरगॅस होता. विजयमालाबाई गेल्यापासून बंद. एकट्याचा चहा ते सिलिंडरवर करायचे. त्या लोखंडी टाकीवर बाई कैरीच्या फोडी वाळवायच्या. टाकी रानशेतला द्यावी, हे त्यांना आधी सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं की ते दुसरीकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत पेंढ्याऐवजी टाकी चढली. हाल्याने खड्डा खणला, विटा लावल्या. मेच्या शेवटी नवशीची शेगडी पेटली.

प्रितेश पुन्हा आला आणि प्रामाणिकपणे फॉर्म भरला. चिखले, प्रकल्प बंद. रानशेत, प्रकल्प सुरू. एकूण बदल, शून्य. जाताना तो धाकल्याला पुढच्या आठवड्यात सत्कार असल्याचं सांगून गेला. धाकल्या तेव्हा बांधावरचं गवत पेटवत होता.

नवशीने चहा आणला. गोविंदराव टाकीशी उभे होते. टाकीवर फडकं पसरलं होतं आणि फडक्यावर कैरीच्या फोडी. त्यांनी एक तोंडात टाकली.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले.

"बायने एवढंच घालायला शिकवलंय," नवशी म्हणाली. तिचे डोळे लाल नव्हते. गोविंदरावांचे होते.