गुलाबी बिजागरी

मी एक अंतराळयान बोलतो आहे. आकाशातून आलेलो मात्र नाही. आकाश मला खिडकीतून दिसते तेवढेच ठाऊक आहे. मी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचे यान आहे. खेळण्यांच्या दुकानात राहिलो खरा, पण आम्हांला घरी नेतात ती बहुधा केस पिकू लागलेली माणसे. विज्ञानकथांतली याने, परग्रहांवरचे तळ, यंत्रमानव यांचे सेट जमवणाऱ्यांचा एक मोठा पंथ आहे. पंथ हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. त्यांचे नेमधर्म, त्यांचे सोवळेओवळे आणि त्यांचे रुसवेफुगवे मी फार जवळून पाहिले आहेत.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबले जाते आणि राखाडी ठोकळे टपटप खाली पडू लागतात. प्रत्येकाच्या माथ्यावर गोल उंचवटे, प्रत्येकाच्या पोटात पोकळी. एकाचा माथा दुसऱ्याच्या पोटात शिरला की दोघे एकजीव होतात. दुसऱ्याला सामावून घ्यायचे तर पोटात थोडी रिकामी जागा लागते, हे आम्हांला जन्मतःच कळते. माणसांना ते कळायला बराच काळ जावा लागतो, असे दिसते.

मग आम्हांला आकडे घातलेल्या पिशव्यांत भरले, पिशव्या पेटीत ठेवल्या आणि पेटीला सील लागले. त्या भरण्यात एक उणीव राहून गेली. माझ्या नाकाडावर चालकाचा काचेसारखा पारदर्शक घुमट बसतो. तो उघडण्यामिटण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक इवलीशी बिजागरी लागते. डावी पिशवीत पडली. उजवी पडलीच नाही. पेटीवरच्या चित्रात मात्र मी परिपूर्ण होतो, आणि बंद पेटीला लोक चित्रावरूनच ओळखतात.

मला घरी आणणारा गृहस्थ कवळ्या घडवणारा कारागीर होता. दातांच्या डॉक्टरीणबाई रुग्णांच्या हिरड्यांचे ठसे पाठवत. घराच्या मागच्या खोलीत, आपल्या कामाच्या टेबलाशी बसून, हा त्यांवरून प्लॅस्टरचे जबडे ओती, मेणात दात लावी, मेणाच्या जागी हिरडीसाठीचे गुलाबी प्लॅस्टिक भरून ते शिजवी आणि जिभेला कणही टोचू नये इतकी कवळी घासून गुळगुळीत करी. “माझं सगळं काम लोकांच्या तोंडात असतं,” असे तो म्हणे, आणि हा विनोद त्याला दरवेळी नवा वाटे.

पाहुण्यांच्या खोलीत पाहुण्यांना जागा उरली नव्हती. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर त्याने जोडलेली याने, चांद्रगाड्या, सहा पायांचे यंत्रमानव. मी सर्वांत वरच्या फळीवर, आणि एकटाच सीलबंद. त्या पंथात अशी रीत आहे की एखादा सेट फार मनात भरला, तर तो उघडायचा नाही. बंद राहिला तरच तो अस्पर्श. गाभारा कधी उघडायचाच नाही आणि बाहेरून हात जोडत राहायचे, तसा हा प्रकार होता.

घरात त्याची थोरली बहीण होती, सगळ्यांच्या ताई. यजमान गेल्यावर त्या धाकट्या भावाकडे राहायला आल्या आणि पुढच्या खोलीत शिवणाचे यंत्र मांडून बसल्या. लोकांचे कपडे आखूड करणे, सैल करणे, बटणे लावणे हा त्यांचा धंदा. सकाळी माझ्या फळीसमोर उभ्या राहून, डोळे मिटून देवाचे नाव घ्यायच्या, आणि डोळे उघडले की पहिली नजर माझ्यावर पडायची.

“हे कधी उघडणार आहेस रे?”

“उघडायचं नसतं, ताई.”

“मग आणलंस कशाला?”

“ठेवायला.”

“दुकानातही ठेवलेलंच होतं की.”

यावरचे उत्तर असायचे ते त्याच्या मित्राकडे. हा मित्र शहरबसचा चालक. दिवसभर गर्दी वाहून नेई आणि सुट्टीच्या दिवशी याने जोडी, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. त्याच्याकडे माझाच जुळा भाऊ होता, जोडलेला. “माझं देहात आलंय, तुझं आत्मरूपात राहू दे,” कप्तान म्हणे, “दोन्ही दर्शनं घडतात.” मी वर बसून ऐकत असे. आत्मरूपात राहणे कसे असते, हे मला कोणी विचारले नाही. पेटी हलली की पिशव्यांतले ठोकळे एकमेकांवर आपटून खुळखुळत, तेवढेच काय ते माझे बोलणे.

पुढे जे घडले ते त्या पंथातल्या माणसाच्याच हातून घडू शकते. धूळ झटकण्यासाठी कारागीर स्टुलावर चढला, मला दोन्ही हातांत घेतले, आणि स्टूल कलले. कोणीही शहाणा माणूस पेटी टाकून भिंत धरेल. त्याने पेटी डोक्यावर उंच धरली, कोपरा चेपू नये म्हणून. शेवटच्या क्षणी डाव्या हाताने मला छातीशी घेतले आणि सगळा भार उजव्या मनगटावर झेलला. माझ्या पेटीला ओरखडाही आला नाही. त्याचे मनगट मोडले.

प्लॅस्टर निघाले तेव्हा हाड सांधलेले होते, पण बोटे जणू परक्याची झाली होती. अंगठा तर्जनीपर्यंत पोचत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मणी उचलायला दिले, चिमटे दाबायला दिले. तो ते पुढ्यात घेऊन बसे आणि बाजूला सारी. “मी दात घडवणारा माणूस. मणी काय उचलायला लावता?” डॉक्टरीणबाईंनी थोडा काळ वाट पाहिली; मग नाइलाजाने ठसे दुसरीकडे जाऊ लागले. मागच्या खोलीचे दार बंद झाले. बोटे परत आली नाहीत तर ते दार कायमचे बंद राहणार, हे त्या घरात कोणी बोलत नव्हते आणि प्रत्येक घासाला आठवत होते.

एके सकाळी तो व्यायामाला गेला असता ताई स्टुलावर चढल्या. त्यांनी मला खाली आणले, शिवणाची कात्री घेतली आणि सील कापले. मग एकेक पिशवी फोडून सगळे ठोकळे स्वयंपाकघरातल्या मोठ्या परातीत ओतले. इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तोवर मी निर्गुण होतो, चित्रापुरता होतो. त्या परातीत पहिल्यांदा मला रूपाची आस लागली.

कारागीर परतला आणि उंबऱ्यातच थबकला.

“ताई, हे काय केलंस?”

“ओतलं.”

“सगळ्या पिशव्या?”

“बंद पिशवीत काही दिसतं का? मी बटणंही अशीच ओतते.”

“अगं, त्या पिशव्यांवर आकडे असतात. एक फोडायची, ती जोडून संपली की दुसरी. क्रम असतो त्याला.”

“मग आता निवड. नाहीतरी बसूनच आहेस.”

तो आपल्या खोलीत गेला. जेवणाच्या हाकेलाही आला नाही. ताईंनी परात पुढच्या खोलीतल्या टेबलाच्या मधोमध ठेवली आणि कोणाच्या तरी कोटाची बाही उसवायला घेतली. त्यांचे डोळे मात्र वारंवार दाराकडे जात होते. त्यांनी जे तोडले ते त्यांना परत जोडता येणारे नव्हते, एवढे त्यांना आता उमगले होते.

दुसऱ्या दिवशी तो परातीपाशी आला. त्या पंथातल्या माणसाला ठोकळ्यांची अशी खिचडी पाहवत नाही, हा त्याचा दोष म्हणा की त्याचे भाग्य. त्याने डाव्या हाताने निवडायला सुरुवात केली. चपटे इकडे, उतरते तिकडे, पारदर्शक वेगळे. ताई उठल्या, गळ्यातली माप घ्यायची फीत काढली आणि त्याचा डावा हात खुर्चीच्या हाताला सैलसा बांधला.

“हे काय आता?”

“डाव्याला रजा दिली. फार राबतोय बिचारा.”

“ताई, मी लहान नाही.”

“लहान असतास तर एव्हाना ऐकलं असतंस.”

फितीची गाठ एका हिसक्याने सुटली असती. त्याने हिसका दिला नाही. उजवा हात परातीत आला. एक छोटासा पारदर्शक तुकडा होता, माझ्या शेपटीचा दिवा. तर्जनीने तो घरंगळला, अंगठ्याने निसटला, पुन्हा परातीत पडला. दोन बोटांची भेट होईना. मी तो तुकडा होतो आणि मी ती परातही होतो. मला काहीच करता येत नव्हते. फक्त एकाच जागी पडून राहणे माझ्या हाती होते, ते मी मनोभावे केले. अखेर बोटांनी तो उचलला. ताईंनी मान वर केली नाही. यंत्राचे चाक मात्र थांबले होते.

त्यानंतर रोजचा नेमच झाला. आधी निवडणे, मग जोडणे. ठोकळा बसताना जो ‘टक्’ आवाज होतो, तो ऐकून ताई स्वयंपाकघरातून सांगू लागल्या, “हा नीट नाही बसला.” आणि तो खरोखरच बसलेला नसे. माझा कणा झाला, पंख झाले, इंजिने झाली. करंगळी अजून आखडलेली होती, पण अंगठा आणि तर्जनी यांची आता चांगली ओळख जमली होती. मी एकेका ठोकळ्याने सगुण होत होतो आणि मला जोडणारा हातही माझ्याबरोबरच घडत होता.

आणि मग घुमटाची वेळ आली. डावी बिजागरी होती. उजवी नव्हती.

त्याने परात पालथी केली, पिशव्या उलट्या केल्या, पेटीचे कोपरे चाचपले. मग इतके दिवस गिळलेला शब्द बाहेर पडला. “ओततानाच पडली असणार. म्हणून आकडे असतात, ताई.”

त्या वयात गुडघे टेकून ताईंनी पलंगाखाली, यंत्राखाली, दारामागे हात फिरवला. केरसुणीचे एकेक पाते झाडून पाहिले. हरवलीच नव्हती ती त्या शोधत होत्या. मला वाचा असती तर त्या दिवशी मी पहिला शब्द उच्चारला असता. अर्धा उघडा घुमट घेऊन मी टेबलावर पडून राहिलो, आणि उजव्या हाताचा नेम खंडला.

सुट्टीच्या दिवशी कप्तान आला. कापलेले सील पाहून तो मट्‌कन खुर्चीत बसला. “फोडलीस? तू?”

“ताईनं.”

कप्तानाने ताईंकडे जरा भीतीनेच पाहिले. मग मला फिरवून फिरवून न्याहाळले आणि बोट नेमके उजव्या बाजूला ठेवले. “उजवी बिजागरी नाही ना? माझ्याही पेटीत नव्हती. त्या खेपेच्या बऱ्याच पेट्यांत नव्हती. मी कंपनीकडून मागवून घेतली.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुझी कधी उघडणारच नव्हती. उगाच रुखरुख कशाला लावायची?”

कारागिराने बहिणीकडे पाहिले. “ताई, माझं चुकलं.”

“चुकलं ते ठीक,” ताई म्हणाल्या, “पण मी गुडघ्यांवर रांगले ते कोण भरून देणार? निदान पाय वर घे, खुर्चीखालचं झाडायचं राहिलंय.” आणि तिघेही हसले. मीही हसलो असे समजा. माझा घुमट तेवढा खाली घसरला.

“तुलाही मागवून देतो,” कप्तान म्हणाला, “अस्सल, राखाडी.”

कारागीर ऐकत नव्हता. त्याने डावी बिजागरी काढून उजव्या हाताच्या चिमटीत धरली होती आणि उजेडात फिरवून पाहत होता, जसा तो पूर्वी एखादा दात पाही. मग तो उठला, मागच्या खोलीचे दार उघडले आणि आत गेला.

पुढचे सारे त्याच्या धंद्याचे काम होते. ठशाची भुकटी पाण्यात कालवून त्याने डाव्या बिजागरीचा ठसा घेतला, तसे लोकांच्या हिरड्यांचे घेतात. त्यावरून साचा झाला, साच्यात हिरडीचे गुलाबी मिश्रण गेले. पहिला तुकडा हात थरथरल्याने वाकडा निघाला. तो टाकून दुसरा केला. दुसरा जाड झाला. तो घासणीवर धरून केसाएवढा घासायचा, माझ्यावर बसवून पाहायचा, पुन्हा घासायचा. “सैल झाला तर निसटेल, घट्ट झाला तर रुतेल,” तो स्वतःशीच म्हणत होता. “कवळीचीच गोष्ट आहे.”

टक्. घुमट मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

“राखाडी यानाला गुलाबी बिजागरी,” कप्तान म्हणाला. “तुला सगळे वाळीत टाकतील.”

“टाकू देत. हिरडीचं काम आहे, पडणार नाही.”

तो गुलाबी तुकडा ताईंनीच डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवला, वर “बघा, तोंडात नाही बसवलाय, पण बसलाय,” असे सांगितले. बाईंनी तो भिंगाखाली धरला आणि त्याच्या कडेवरून नख फिरवले. पुढच्या आठवड्यात एका आजींच्या हिरड्यांचा ठसा घरी आला, आणि मागच्या खोलीचे दार त्यानंतर बंद झाले नाही.

आज मी त्याच खोलीत आहे, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या शेजारी. कप्तानाने मागवलेली अस्सल राखाडी बिजागरीही आली. ती ताईंच्या बटणांच्या डब्यात सुखाने नांदते आहे. रोज सकाळी कामाला बसण्याआधी कारागीर उजव्या हाताने माझा घुमट उघडतो आणि मिटतो. करंगळी अजून जरा रुसलेली आहे. एखाद्या दिवशी घुमट पहिल्या झटक्यात उघडत नाही. तो दुसऱ्यांदा प्रयत्न करतो. धूळ माझ्यावर आता बसते, आणि ती मला गोड वाटते.

वाचकहो, तुमच्याही घरात वरच्या फळीवर काहीतरी जपून ठेवलेले असेल, उघडले तर बिघडेल या भयाने. ते खाली आणा. आत एखादा तुकडा उणा निघेल, हे मी स्वानुभवाने सांगतो. बंद असताना मी कोणालाच उणा दिसलो नाही आणि कोणाच्याच उपयोगी पडलो नाही. माझ्या राखाडी देहावर आता लोकांची नजर प्रथम जाते ती त्या गुलाबी ठिपक्यावर. कोणी विचारले की कारागीर कवळी खाली ठेवतो, हात पुसतो आणि म्हणतो, “हे ना? हे माझं पहिलं काम, हात परत आल्यानंतरचं.”