घराचे छत

द्राक्षमळ्यात जमिनीला पडलेल्या भोकातून लात्तांझिओ कमरेला दोर बांधून पुन्हा एकदा खाली उतरला. खाली त्याचा स्नेही मारिओत्तो मशाल धरून बसला होता. रोममधले सगळेच चित्रकार हल्ली या गुहांत उतरत, मातीवरून पोटावर सरपटत आणि हातभर उंचीवरच्या छतावरची प्राचीन रोमनांची चित्रे कागदावर उतरवून घेत.

"या दादा," मारिओत्तो म्हणाला. "पाव आहे, खारवलेलं मांस आहे. तुमच्या मुंग्यांनाही पुरेल."

लात्तांझिओने तो टोमणा मुकाट्याने गिळला. आयुष्यभर त्याने सोनेरी पार्श्वभूमीवर संतांच्या प्रतिमा रंगवल्या होत्या. आता बिशपमहाराजांना आपल्या दिवाणखान्याचे उंच छत प्राचीनांच्या रीतीने रंगवून हवे होते. त्याने इथल्या वेली, इथले पक्षी, इथल्या पंखधारी सिंहिणी जीव ओतून बारीक रेषांनी तिथे उतरवल्या. महाराजांनी मान वर करून विचारले होते, "या मुंग्या कशाला काढल्यास?" रविवारपर्यंत एक कोपरा तरी साधला नाही, तर काम दुसऱ्याच्या हाती जाणार होते.

तो पाठीवर उताणा झाला. नाकासमोर एक बगळा होता. जवळून पाहता तो बगळा नव्हताच. पांढऱ्या रंगाचे दोन फटकारे आणि एक काळसर डाग. गिलावा ओला असताना चिकटलेला कुंचल्याचा एक केस अजून तिथेच होता.

"किती ओबडधोबड आहे हा," लात्तांझिओ पुटपुटला. "मी उगाच याला सुबक केला."

"घाईत असेल बिचारा. गुहेत फार वेळ कोण थांबतो?"

"मशाल जरा भिंतीकडे धर. ही ठिगळं बघ."

छताच्या किंचित खाली, भिंतीवर, सारख्या अंतराने गिलाव्याची गोल ठिगळे होती. काम संपल्यावर परांचीच्या बल्ल्या काढून भोके बुजवताना अशी ठिगळे लात्तांझिओने स्वतः किती भिंतींवर लावली होती.

"परांचीचीच भोकं," मारिओत्तो म्हणाला. "पण इथं परांची कशाला? पडल्या पडल्या हात पोचतो की."

बोलता बोलता तोच थांबला.

लात्तांझिओने भिंत आणि माती यांच्यामधल्या फटीत एक खडा सोडला. खडा घरंगळला, आपटला, पुन्हा आपटला; आवाज खोल खोल जात राहिला आणि कुठे टेकला हे न कळताच विरून गेला.

आपण ज्यावर पहुडलो आहोत ती गुहेची जमीन नव्हे. एका विशाल दालनात छतापर्यंत भरलेली ती शतकानुशतकांची माती आहे, हे लात्तांझिओला उमगले. ही गुहा नव्हतीच, कुणाचे तरी घर होते; या मातीच्या तळाशी कधीकाळी माणसे उभी राहत, माना वर करीत. त्यांच्या दूरच्या डोळ्यांसाठी त्या अनाम चित्रकाराने हे दोन फटकारे मारले होते. उरलेला बगळा त्याने मधल्या अंतरावर सोपवला होता, आणि ते अंतरच मातीने गिळले होते. लात्तांझिओने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी बिशपमहाराज दिवाणखान्यात आले, तेव्हा लात्तांझिओ फरशीवर उताणा पडला होता.

"आजारी आहेस का रे?"

"नाही महाराज. बघतोय."

तो उठला, परांचीवर चढला. दोन फटकारे मारले, एक डाग दिला आणि खाली उतरून पुन्हा आडवा झाला. महाराजांनी वर पाहिले. कोपऱ्यातल्या वेलीवर एक बगळा एक पाय मुडपून उभा होता. पाहता पाहता महाराजांची टोपी मागे गळून पडली. ती उचलण्याचे भान त्यांना राहिले नाही.

"कोपरा झाला," ते म्हणाले. "बाकीचं छतही तूच कर."

संध्याकाळी मारिओत्तोने दारातून हाक दिली, "दादा, उद्या गुहेत येणार ना?"

"त्या घरात?" कुंचले धूत लात्तांझिओ म्हणाला. "येईन."