सकाळची मूठ

या मित्रांनो, असे जवळ सरका. माझा आवाज आता बारीक झाला आहे. रबराला चिरा पडल्या की श्वास पुरत नाही. पण गोष्ट अशी सांगेन, की घरी गेल्यावर तुम्ही आपापले हात उलटेपालटे करून बघाल.

मी एक जुना पट्टा आहे. रक्तदाब मोजायचा पट्टा. बाहेरून राखाडी कापड, पोटात रबरी पिशवी, शेपटीला एक नळी आणि नळीच्या टोकाशी पाऱ्याची पेटी. दवाखान्याच्या वॉर्डात मी दंडांना मिठ्या मारत हिंडायचो. मिठी आवळली की काचेच्या नळीत पारा चढायचा. तुमच्या घरी कुणाचा पारा चढला तर तुम्ही कोपरा गाठता ना? माझ्याकडे मात्र पारा चढला की लोक डोळे मोठे करून बघत राहायचे.

पुढे माझी चिकटपट्टी झिजली. मिठी मारावी आणि ती सुटून जावी, असं होऊ लागलं. एका सिस्टरनं मला उचललं, “ह्याच्यात आता राम राहिला नाही,” म्हणाली आणि मोडक्या सामानात टाकलं. राम कुठे राहतो ते आपण ठरवू नये, मित्रांनो. त्याच सामानातून मला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं. सगळे त्यांना डॉक्टरताई म्हणत.

ताईंचा रोग वेगळाच होता; म्हणजे अभ्यासाचा. आपल्या शरीरात देवानं एक राखणदार ठेवला आहे. बाहेरून रोगजंतू आला की तो धावून जातो. पण काही माणसांचा राखणदार घरच्यांनाच चोर समजतो आणि सांध्यांवर तुटून पडतो. बोटं सुजतात, ताठतात, हळूहळू वाकडी होतात. चोराला पकडता येतं हो. पण राखणदाराची समजूत घालायची कशी? ताईंनी आयुष्य वाहिलं ते ह्या एका प्रश्नाला.

त्यांच्या घरातच तो प्रश्न बसला होता. ताईंची थोरली बहीण, अक्का, घरी शिवणकाम करायची. तिनं हातानं केलेलं काज इतकं सुबक, की बटण आपल्या पायांनी आत जाईल असं वाटावं. त्याच हातांना हा रोग लागला होता.

ताईंनी मला गुंडाळून अक्कासमोर ठेवलं. “एवढा टाका घालून दे.”

“एवढी शिकलीस, पोरी, आणि टाका घालता येत नाही?”

“म्हणून तर तुझ्या दारात आले.”

अक्कानं सुजल्या बोटांनी मला शिवलं. सुई अडली तिथे दातांनी ओढली. माझं मुटकुळं झालं आणि मला नवा जन्म मिळाला. आता मी दंडाला मिठी मारत नव्हतो. रोगीच मला मुठीत धरून दाबायचे. मुठीत जोर किती, ते पारा सांगायचा.

इथवर पूर्वरंग झाला. आता जरा सावरून बसा.

ताईंच्या हाती एक नवी गोळी आली. राखणदाराला शांत करील, अशी आशा होती. पण गोळी कडक, यकृतावर भार टाकणारी. काही रोगी आपण होऊन तयार झाले. सकाळी त्यांची पहिली मूठ मोजली, गोळी सुरू झाली.

मग एका सकाळी त्यांतलीच एक बाई दाराबाहेर रडत उभी राहिली. झग्याचं वरचं बटण लागत नव्हतं आणि तशीच ती बसमधून आली होती. ताईंचं काळीज हललं. म्हणाल्या, “उद्यापासून कुणी सकाळी यायचं नाही. दुपारी या सगळे, ऊन अंगावर घेऊन.” रोग्यांनी दुवा दिला. ही दयाच होती. पण पुढे ऐका.

काही आठवड्यांनी पारा चढू लागला! निवृत्त ड्रायव्हरकाका मला पिळून म्हणाले, “बाई, तरुणपणी बायकोचा हात असा धरला असता, तर संसार सुधारला असता!” खोलीभर हशा. विभागाचे मोठे सर पाठ थोपटायला आले. लवकरच मोठी सभा ठरली. तिथे ताई गोळीचं यश सांगणार आणि मग ती गावोगावच्या रोग्यांना मिळणार. सगळ्यात आधी अक्काला.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी अक्का ताईंच्या कोटाला बटण लावायला दवाखान्यात आली. सुई हातातून तीनदा पडली.

“राहू दे गं,” ताई हसून म्हणाल्या. “हे दाब बघू. परवापासून तुझीही गोळी सुरू.”

अक्कानं मला दाबलं. पारा जेमतेम हलला.

जेवण झालं. अक्का खिडकीतल्या उन्हात बाकावर बसली. दुपारी तिनं कोट पुढे केला. “घे, झालं. ओढून बघ, तुटायचं नाही.”

ताईंनी बटण बघितलं. टाके एकसारखे, घट्ट. त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं.

“अक्का, सकाळी तुला सुई धरवत नव्हती.”

“सकाळचे हात माझे नसतात. दुपारी परत येतात. तुला काय सांगायचं? तूच तर हे पोरांना शिकवतेस.”

“पुन्हा दाब.”

“आता कशाला?”

“दाब म्हणते ना!”

अक्कानं दाबलं. पारा चढत गेला आणि थेट तिथे थांबला, जिथे गोळी घेणाऱ्यांचा थांबत होता. अक्काच्या पोटात तर गोळीचा कणही नव्हता.

आता हिशेब करा, मित्रांनो. रोग्यांची पहिली मूठ सकाळची होती, नंतरची दुपारची. पारा गोळीनं चढला होता की घड्याळानं? सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात मोठे सर आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची, डॉक्टर. उद्या वेळ कोण विचारणार आहे?”

“मी विचारीन, सर.”

“तुमची सगळी उमेद ह्या गोळीवर उभी आहे. आणि ह्या तुमच्या बहीण ना? गोळी हवी की नको, त्यांनाच विचारा.”

ताईंनी अक्काकडे बघितलं नाही. बघवलं नसावं. अक्कानंच विचारलं, “म्हणजे मला गोळी नाही?”

“गुण येतो की नाही ते मला माहीत नाही, अक्का. यकृताला त्रास होतो, तेवढं माहीत आहे.”

अक्का बराच वेळ मला कुरवाळत बसली. माझ्यावरचे स्वतःचेच टाके चाचपत. मग सरांना म्हणाली, “साहेब, कच्च्या टाक्यावर कपडा मी गिऱ्हाइकाच्या अंगात घातला नाही कधी. हिलाही घालू देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ताई तो कोट घालून सभेत उभ्या राहिल्या आणि मूठ उघडली. ह्या वेळी पारा चढला तो सरांचा. ताईंची खोली जिन्याखाली गेली. सगळी मोजणी पुन्हा सुरू झाली, आता फक्त सकाळी. “बाई, हा छळ आहे, छळ!” ड्रायव्हरकाका कुरकुरायचे, पण आले. सगळे आले. बटणं उघडी ठेवून आले आणि कुणी लाजलं नाही.

गोळी खोटी ठरली. सकाळचा पारा जागचा हलला नाही.

खऱ्या औषधाला फार वर्षं लागली, मित्रांनो. ते दुसऱ्याच कुणी शोधलं. पण त्याच्या परीक्षेत ताईंची सकाळची मूठ होती आणि पारा सकाळीच चढला. तोवर ताईंचे केस पांढरे झाले होते. अक्काचा राखणदारही शांत झाला, दुखणं थांबलं. वाकलेली बोटं मात्र वाकलेलीच राहिली. काज तिनं पुन्हा कधी केलं नाही. आता ती ह्या जगात नाही.

माझी पाऱ्याची पेटी गेली. आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं. मी कपाटाच्या खणात पडून असतो. रबर फाटलं, कापड विरलं, पण अक्काचा टाका एकही उसवलेला नाही. ताई अधूनमधून खण उघडतात आणि त्यावरून बोट फिरवतात.

मला जपा, असं मी म्हणणार नाही. जुनं रबर किती दिवस टिकणार! पण एखाद्या सकाळी तुमच्या घरात कुणी बटण लावायला फार वेळ घेत असेल, तर “किती उशीर!” म्हणून ओरडू नका. जवळ जा, बटण लावून द्या. आणि लावताना माझ्या अक्काची आठवण काढा.